कृषी महोत्सवाला जाताय? काय बघाल, काय विचाराल, काय आणाल (कोकण विशेष)

सुरंगी (कुडाळ)

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात आमच्याकडचा जिल्हा कृषी महोत्सव पार पडला. आता उत्तरेकडचे सुरू होतील, म्हणून हा धागा काढतेय. दरवर्षी बघते, माणसं लांबून एसटीने, टेम्पो करून येतात. दारातल्या मोठ्या ट्रॅक्टरपाशी फोटो काढतात, दोन चकरा मारतात, पिशवीभर पत्रकं घेतात आणि घरी जातात. आपल्या कामाचं असतं ते बहुतेक मांडवाच्या मागच्या अंगाला. तिथपर्यंत पोचेस्तोवर पाय दुखायला लागलेले असतात. म्हणून माझं पहिलं सांगणं, मागून सुरुवात करा.

मागे गुरांचा मांडव असतो. आपली कोकण कपिला आता कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेकडे नोंद झालेली स्वतंत्र जात आहे. अंगाने लहान, खुराक बेताचा, डोंगरउतारावर चरणारी, पावसात आणि उकाड्यात टिकणारी. ज्यांच्या गोठ्यात ती पिढ्यान्‌पिढ्या आहे त्यांनाही 'गावठी गाय' यापलीकडे तिची ओळख नसते. मांडवात ती जर्सी आणि गीरच्या शेजारी बांधलेली असते आणि लोक साहजिकच उंच गाय बघायला वळतात. तुम्ही कपिलेपाशी थांबा आणि मालकाला विचारा, वर्षाला औषधपाण्यावर किती खर्च होतो. मग तोच प्रश्न शेजारच्या गायीच्या मालकाला विचारा.

तसाच कन्याळ शेळीचा कोपरा. काळी शेळी, नाकपुड्यांपासून कानांपर्यंत दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे, कानांच्या कडा पांढऱ्या, पाय लांब. आमच्या निळेलीच्या केंद्रात दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं या जातीवर काम चालतं. यंदा एका मालकाने बोकडाचा खालचा ओठ अलगद दुमडून आम्हा बायकांना दात दाखवले. मधले दुधाचे दोन पडून रुंद, पक्के दोन आलेले. म्हणजे वर्ष-दीड वर्षाचा. वरच्या जबड्यात पुढे दात नसतातच, नुसती हिरडी. बचतगटातून शेळ्या घेणाऱ्या बायकांना एवढं जरी बघता आलं तरी बाजारात कोणी वय लपवून जनावर गळ्यात मारू शकत नाही.

त्यानंतर पीकस्पर्धेचं टेबल. सुरण, घोरकंद, करांदे, नारळाच्या पेंडी, काजू, हळद. यंदा एका वयस्कर बाईंनी वालय भाताचं बियाणं मुडीत बांधून आणलं होतं. आताच्या मुलांनी मुडी पाहिलेली नसते. पेंढ्याच्या गोल आवरणात भात, वरून पेंढ्याच्याच दोरीने करकचून आवळलेला. त्यांनी दोरी कशी ओढायची ते स्वतः करून दाखवलं. आवळ सैल राहिली तर टोका (धान्यातला किडा) शिरतो म्हणाल्या. वालय, बेळा, सोरटी, मुणगा ही भातं आता मोजक्या घरांत उरली आहेत. ज्यांच्याकडे आहेत ती माणसं वर्षातून एकदा या टेबलापाशी भेटतात. त्यांच्याशी बोला, शेरभर बियाणं मागून घ्या. मागितलं की देतात.

कलमं आणि रोपं हा मोठा विषय आहे, त्यावर खाली सविस्तर लिहीनच. आधी बाकीच्यांनी आपापल्या भागातलं लिहा.

सड्यावरचा (रत्नागिरी)

ताई, छान लिहिलंत. पण मूळ दुखणं तारखेचं आहे. हे महोत्सव डिसेंबर ते फेब्रुवारीत भरतात. हापूसवाला तेव्हा कुठे असतो? पहाटे बागेत, पंपाच्या मागे. मोहोर फुटलेला, तुडतुडे, फुलकिडे आणि भुरी टपून बसलेले. त्यात मळभ आलं की फवारणी एक दिवससुद्धा पुढे ढकलता येत नाही. आंब्याच्या मांडवात आंबावाला कमी आणि हौशी जास्त दिसतो तो यामुळे. मोहोर संरक्षणाचं व्याख्यान ऐन मोहोरात दुपारी 12 वाजता ठेवून काय उपयोग? ते नोव्हेंबरच्या आत व्हायला हवं. कल्टारचं (मोहोरासाठी झाडाला देतात त्या औषधाचं) म्हणाल तर त्याची वेळ जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. ती माहिती जूनमध्ये हातात पाहिजे.

खाजण (पेण)

दादा, पण दुसरी कोणती तारीख काढणार? ऑक्टोबरात भातकापणी. मार्च ते मे आंबा-काजूची काढणी. जूनपासून पाऊस, मांडव उभाच राहत नाही. कोकणात मोकळा महिना मुळात नाही.

सड्यावरचा (रत्नागिरी)

मोकळा नाही हे मान्य. मग तोडून भरवा की. यंत्रं, जनावरं, खाण्याचे स्टॉल थंडीत राहू देत, त्याला शहरातून माणसं येतात आणि बचतगटांची विक्री होते. पण कलमा-रोपांचा बाजार आणि लागवडीची व्याख्यानं मेअखेरीला घ्या, तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या सभागृहात. मांडवाचा खर्चही नाही. जानेवारीत घेतलेलं कलम पाच महिने उन्हात जगवायचं म्हणजे ज्याच्या घरी मार्चनंतर विहिरीत पाणी असतं त्यालाच परवडतं. आमच्या सड्यावर (कातळाच्या माळावर) एप्रिलमध्ये पिण्याच्या पाण्याला टँकर येतो.

सुरंगी (कुडाळ)

हे शंभर टक्के पटलं. आमच्याकडे मी हेच सुचवते: महोत्सवात रोपवाटिकेचा स्टॉल बघा, जात ठरवा, नाव नोंदवा आणि कलम जूनमध्ये उचला. वेंगुर्ल्याच्या आणि मुळद्याच्या रोपवाटिकेतून न्यायचं असेल तर तसंही आधी चौकशी करून ठेवावी लागते. चांगल्या जातीची कलमं पाऊस पडायच्या आधीच संपतात.

आता जातींचं. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र 1957 सालचं, म्हणजे दापोलीचं विद्यापीठ 1972 मध्ये झालं त्याच्याही आधीचं. काजूची 'वेंगुर्ला' मालिका तिथलीच. आमच्याकडे 4 आणि 7 जास्त चालतात. 7 ची बी मोठी, साधारण 10 ग्रॅमची. प्रदर्शनात बिया ताटल्यांत मांडून ठेवतात, त्या हातात घेऊन बघा. मोठी बी म्हणजे मोठा गर, आणि काजूच्या बाजारात दर गराच्या आकारावर ठरतो. डब्ल्यू-180, डब्ल्यू-240, डब्ल्यू-320 हे आकडे म्हणजे एका पौंडात किती गर बसतात ते. आकडा जितका लहान तितका गर मोठा.

आंब्यात हापूस सोडून काही लावायला आपला माणूस तयार होत नाही. पण दाराशी चार झाडं लावायची असतील तर 'रत्ना' जरूर बघा. नीलम आणि हापूसचा संकर, 1981 चा. साक्याचा (गर आतून पांढरट, स्पंजासारखा होण्याचा) त्रास नाही आणि हापूससारखं एक वर्ष आड करत नाही. 1992 ची 'सिंधू' ही रत्ना आणि हापूसपासून केलेली, तिची कोय अगदी पातळ असते. फळांच्या दिवसांत कापलेला सिंधू समोर ठेवला तर लोकांना पटायला वेळ लागत नाही. जानेवारीत नुसता फोटो बघून कोण पटवून घेणार? म्हणजे परत तारखेवरच आलो.

कुळागर (सावंतवाडी)

कोकम आणि जायफळ घेणाऱ्यांसाठी कळकळीने लिहितो. या दोन्हींत नर झाड वेगळं, मादी वेगळी. बियांपासूनची रोपं लावलीत तर साधारण निम्मी नर निघतात आणि ते कळतं फुलं आल्यावर, म्हणजे सहा-सात वर्षं पाणी घालून झाल्यावर. माझ्या शेजाऱ्यांनी अशाच एका मांडवातून 'कलमं' म्हणून कोकमाची रोपं आणली. जोड कुठेच नव्हता, पिशवीला चिठ्ठी मात्र छापील होती. आज त्यांच्याकडे झाडं मोठी झाली आहेत आणि भिरंडं (कोकमाची फळं) निम्म्याच झाडांना धरतात.

म्हणून कलमाचा जोड स्वतः बोटाने चाचपून बघा. वरच्या आणि खालच्या सालीचा रंग, जाडी किंचित वेगळी लागते. जोडाखालून फुटवा आलेला असेल तर तो खुंटाचा, तो काढावाच लागतो. जोडावरची प्लास्टिकची पट्टी तशीच असेल तर घरी आणून काढा, नाहीतर ती सालीत रुतते आणि वाऱ्याने झाड तिथेच मोडतं. पिशवीच्या तळातून मुळ्या बाहेर पडून जाड झालेल्या दिसल्या तर ते कलम जुनं, आत मुळांचं वेटोळं झालेलं. नको. आणि पावती घ्या, परवानाधारक रोपवाटिकेची. 

जातींची नावं विचारून घ्या: कोकमात 'कोकण अमृता' आणि 'कोकण हातिस', जायफळात 'कोकण सुगंधा', 'कोकण स्वाद', 'कोकण श्रीमंती', दालचिनीत 'कोकण तेज'. जायफळाची कलमं मादी झाडाचीच असतात, म्हणून बागेत परागासाठी थोडी नर झाडं हवीत. स्टॉलवरच्या माणसाला ते प्रमाण विचारा. ज्याला सांगता येत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

भेडामाड (मालवण)

सुरंगी ताई, बरा केलास धागो काढलास तो. कवाथ्यांबद्दल (माडाच्या रोपांबद्दल) माका थोडा सांगूचा आसा. मांडवात उंच उंच रोपा बघून लोक भुलतत. उंची बघू नकात, बुंधो बघा. नऊ ते बारा म्हयन्यांचा रोप, पाच-सहा पाना आनि बुंध्याचो घेर चार इंच तरी होयो. बारीक मानेचा, पिवळा पडलेला रोप कोणी फुकट दिला तरी घेव नकात. दोन माडांत पंचवीस फूट सोडा, दाटी केल्यात तर माड उजेडाक वाकडे जातत. आनि गेंड्या भुंग्याचा औषध ईचारतत सगळे, पन भुंगो वाढता खय? तुमच्याच शेणकीच्या खड्ड्यात. खत उकरा, अळये काढून मारा, मगे औषधाचा बघा.

रत्नागिरीक गेलात तर प्रदर्शनापेक्षा भाट्याच्या केंद्रात जावन माडाखालची लाखी बाग बघा. माड, त्याच्या बुंध्याक मिरी, मधी जायफळ, दालचिनी, केळ, अननस. एकाच जमिनीत सगळा उभा आसा.

पांढरा कांदा (अलिबाग)

आमच्याकडे प्रदर्शनातला मान पांढऱ्या कांद्याच्या वेण्यांना. कार्ले, खंडाळे, नेहुली भागातला कांदा भात निघाल्यावर त्याच खाचरात लावतात. काढला की पातीसकट सुकवून बायका वेणी घालतात. गोडसर, तिखटपणा कमी. 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून मागणी वाढली आणि बाहेरचा पांढरा कांदा आमच्या नावाने महामार्गावर विकणंही वाढलं. प्रदर्शनात शेतकऱ्याच्या हातून घेतलात तर खात्रीचा मिळतो. फक्त एक लक्षात ठेवा, नवा कांदा साधारण फेब्रुवारीपासून येतो. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कोणी ढीग लावून बसला असेल तर शेत कुठे आहे ते विचारा.

बैलगाड्यांच्या शर्यतीबद्दल कोणी लिहिलं नाही. 2014 ला बंदी आली, डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा कायम केला. आमच्याकडे किनाऱ्यावरच्या वाळूत शर्यती होतात. ओहोटीची वेळ बघून सगळा कार्यक्रम ठरतो. माझ्या मते शेतीच्या मेळ्याला तोच खरा रंग आहे.

सड्यावरचा (रत्नागिरी)

शर्यतीपेक्षा मला आमच्या नांगरणी स्पर्धा जवळच्या वाटतात. संगमेश्वर, लांजा, चिपळूणकडे जुलै-ऑगस्टमध्ये चिखलात होतात. गावठी बैलांचा गट वेगळा, घाटी बैलांचा वेगळा. माणूस, जोत आणि बैल तिघांचा मेळ लागतो. पॉवर टिलर आल्यापासून गावागावातली जोतं मोडली. या स्पर्धांमुळे तरी काही घरांनी गावठी जोडी ठेवली आहे. कोकण कपिला टिकवायची तर तिच्या खोंडांना काम पाहिजे, नुसत्या मांडवात बांधून ती टिकणार नाही.

चाकरमानी_दादर

वाचतेय आवडीने. माहेर देवगड. मुलं 8 आणि 11 वर्षांची आहेत. त्यांना घेऊन सुट्टीत यावं इतकं तिथे असतं का? की सगळं मोठ्यांचंच?

सुरंगी (कुडाळ)

ताई, नक्की आणा. सकाळी लवकर या, जनावरं ताजी असतात आणि मालकांना बोलायला वेळ असतो. मुलांना करडं हातात घ्यायला देतात. नारळ सोलण्याची स्पर्धा असते, सुळ्यावर तीन-चार फटक्यांत सोडण उतरवणारी माणसं बघून मुलं हरखून जातात. माडावर चढायच्या यंत्राचं प्रात्यक्षिक असतं. पायांनी आळीपाळीने पायडल दाबत माणूस वर जातो. आमच्या भागातल्या काही मुली ते प्रशिक्षण घेऊन आता पाडप (माडावरून नारळ उतरवणं) करतात, त्यांना भेटवा. काजू फोडायच्या स्टॉलवरही न्या. उकडलेली बी पात्यात धरायची, पायाने दाबायचं, हाताने दांडा ओढायचा, टरफल दोन भागांत उघडतं आणि आतला गर अख्खा राहतो. टरफलाच्या तेलाने कातडी भाजते, म्हणून बाई हाताला खोबरेल लावून बसते. मुलांना हात लावू देऊ नका, नुसतं बघू द्या. पाकिटातला काजू कुठून येतो ते त्यांना आयुष्यभर लक्षात राहील.

जेवायला बचतगटांच्या रांगेतच बसा. शिरवाळे-रस, घावणे, खापरोळी, कोंबडी-वडे, उकड्या तांदळाची पेज. आमसुलं, आगळ, कुळथाचं पीठ तिथूनच घ्या.

खाजण (पेण)

यंत्रांना सगळ्यांनी बाजूला टाकलंत म्हणून लिहितो. पुण्याजवळच्या मोशीचं 'किसान' प्रदर्शन बघितलंय, बारामतीचं 'कृषिक'ही. मोशीत यंत्रांचे मांडवच्या मांडव, पण बरंचसं देशावरच्या सलग रानाला धरून. बारामतीत पीक प्रत्यक्ष जमिनीत उभं करून दाखवतात, ती पद्धत मला फार आवडते आणि आपल्याकडे यायला हवी. आपली खाचरं लहान, बांध उंच, वाट डोक्यावरून ओझं न्यायची. तिथे ट्रॅक्टर काय करणार? पण ग्रासकटर, लहान पॉवर टिलर, भातझोडणी यंत्र, आंबा उतरवायचा विद्यापीठाचा 'नूतन' झेला, या वस्तू बघाच. झेल्याने फळ देठासकट येतं, चीक सालीवर ओघळत नाही, डाग पडत नाही. यंत्र घेताना एकच विचारा, सुटा भाग कोणत्या गावात मिळतो. पुण्याला मिळतो म्हणाला तर पुढच्या स्टॉलवर जा, पावसात बंद पडलेलं यंत्र पुण्याला कोण नेणार?

आमच्या खारपट्ट्यातल्यांनी पनवेलच्या खार जमीन केंद्राचा स्टॉल चुकवू नये. पनवेल 1, 2, 3 ही भातं खाऱ्या जमिनीसाठीच आहेत. उधाणाने बांध फुटून शेतात पाणी शिरलं की पुढची वर्षं काय लावायचं हा आमचा रोजचा प्रश्न, त्याचं उत्तर तिथे मिळतं. आणि ज्यांच्याकडे लावणीला माणसंच मिळत नाहीत त्यांनी नेरळचं सगुणा भात तंत्र समजून घ्या. गादीवाफे एकदाच करायचे, नांगरणी-चिखलणी नाही, टोकणणी करायची.

रोठा (श्रीवर्धन)

3 जून 2020 नंतर आमच्याकडे कोणी प्रदर्शनात हौसेने जात नाही, गरजेने जातं. निसर्ग वादळाने पोफळीच्या (सुपारीच्या) बागाच्या बागा आडव्या झाल्या. आजोबांनी लावलेली झाडं एका दुपारी गेली. पोफळ लावल्यावर सहा-सात वर्षांनी धरते. तोवर घर कशावर चालवायचं, हा प्रश्न घेऊन मी स्टॉलवर जातो. केळीचं सांगतात, ती लावली. तिची सावली पोफळीच्या रोपालाही लागते. मिरीचं सांगतात, पण वेल चढवायला उभं झाड कुठे होतं? आता पोफळी जरा वर आल्यात. विद्यापीठाची 'श्रीवर्धनी' रोपं आणि गावातल्या वाचलेल्या जुन्या झाडांच्या बियांची रोपं, दोन्ही लावली आहेत. आयोजकांना एक सांगणं आहे. वादळातून बागा परत उभ्या केलेल्या शेतकऱ्यांना व्यासपीठावर बसवा. आम्हाला कोणती झाडं तगली, कोणत्या बाजूला वारा अडवायला सुरूची झाडं लावली, हे त्यांच्या तोंडून ऐकायचंय.

कुळागर (सावंतवाडी)

रोठा, तुमचा प्रतिसाद वाचून गलबललो. आमच्याकडे 2021 ला तौक्ते वादळाने तडाखा दिला, पण तुमच्याइतका नाही. मिरीसाठी गिरीपुष्पाचे खुंट लावून बघा, पावसाच्या सुरुवातीला फांदी खोवली तरी जगते आणि पाला खताला होतो. पोफळी जाड झाल्या की वेल तिकडे वळवता येतो. वेलाच्या छाटण्या मी देईन, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

भेडामाड (मालवण)

माकडांवर कोणी लिवूक नाय अजून. सौर कुंपणवाले मांडवात सांगतत सगळ्यावर चालता म्हणान. डुकरांवर चालता, पन खालची तार जमिनीपासून ईतभर होयी आनि तारेक गवत टेकता नये. माकड फांदयेवरसून येता, त्याका तारेचा काय?

सुरंगी (कुडाळ)

खरं आहे. माकडांवर प्रदर्शनात मिळेल असा इलाज माझ्या पाहण्यात नाही. नुकसान झालं की लगेच फोटो काढून वनखात्याकडे अर्ज करा, पंचनामा वेळेत झाला पाहिजे. शेतकऱ्यांच्या सभेत हा प्रश्न दरवर्षी मांडला जातो, आणि तो मांडत राहायलाच हवा.

आता मी सुरुवातीला म्हटलेलं कलमांचं. ज्यांनी आत्ताच घेतली आहेत त्यांनी ती सावलीत, मोठ्या झाडाखाली ठेवा. थेट मातीवर नको, फळीवर किंवा चिऱ्यांवर, नाहीतर मुळं पिशवी फोडून खाली जातात आणि उचलताना तुटतात. दोन-तीन दिवसांआड पाणी. एप्रिल-मेमध्ये मीटरभर लांब, रुंद, खोल खड्डे मारून तापू द्या, मग चांगली माती, शेणखत आणि सुपर फॉस्फेट घालून भरा. कातळ लागला तर खड्डा मोठा करा, लहान नाही. हापूसला 10 मीटर, काजूला 7 मीटर अंतर. पाऊस स्थिरावला की लावा, जोड मातीच्या वर ठेवून.

अनुदान हवं असेल तर खड्डे मारायच्या आधीच कृषी सहायकांना भेटा. राज्याच्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत कोकणाला 10 गुंठ्यांपासून 10 हेक्टरपर्यंत मुभा आहे आणि रक्कम तीन वर्षांत 50, 30, 20 टक्के अशी येते. कलमांची पावती लागते, म्हणून कुळागर यांनी लिहिलेलं पावतीचं विसरू नका.

चाकरमानी_दादर

धन्यवाद सगळ्यांना. देवगडच्या घरामागे आईची 12 गुंठे पडीक जागा आहे, विहिरीला मेपर्यंत पाणी असतं. मुलांना घेऊन येतेच आहे, तर काजू वेंगुर्ला-7 साठी नाव नोंदवून जाऊ का? की कोकम बरं पडेल?

कुळागर (सावंतवाडी)

7 मीटरने 12 गुंठ्यांत काजूची चोवीसेक कलमं बसतात. जागा उघडी, उन्हाची असेल तर काजू. झाडांची सावली असेल तर कोकम. बांधाच्या कडेने थोडी कोकम कलमं दोन्हीकडे चालतील. येताना जागेचे फोटो आणि अर्धा किलो माती पिशवीतून आणा. किर्लोसच्या कृषी विज्ञान केंद्राचा स्टॉल असला तर तिथे दाखवा आणि मगच नाव नोंदवा.